घोट्यावरची न धुतलेली पट्टी

मी एक जुनी पट्टी आहे, मित्रांनो. जखमेवर लावतात ती नव्हे आणि शाळेत रेघा मारतात तीही नव्हे. पाय मुरगळला की घोट्याभोवती गुंडाळतात ती ताणाची पट्टी. औषधांच्या दुकानात मला क्रेप बँडेज म्हणतात, पण ते नाव मला कधी आपलं वाटलं नाही. ज्या घरात मी राहिले तिथे मी नुसती पट्टी होते, आणि मधली काही वर्षं तर 'आमची पट्टी' होते.

सध्या माझा मुक्काम एका लाँड्रीत, काउंटरखालच्या खणात असतो. शेजारी सुट्या बटणांचा डबा आहे. बटणं फार बडबडी. आपण कुठल्या साहेबाच्या शर्टावरून निखळलो ते सांगण्यात त्यांचा दिवस जातो. मला कुणी काही विचारत नाही, म्हणून आज मीच सांगते.

माझा जन्म कापडाच्या गिरणीतला. साध्या सुती दोऱ्याला पीळ देत देत इतका पीळ देतात की तो सुटण्यासाठी धडपडू लागतो, आणि मग त्याला सुटू न देता विणून टाकतात. माझ्या अंगावरच्या बारीक चुण्या त्या अडकलेल्या पिळाच्या आहेत. तपासणीच्या टेबलाशी एक बाई बसायच्या. आम्हाला दोन्ही हातांनी ताणायच्या आणि सोडून द्यायच्या. जी पट्टी झटकन मूळपदावर येई ती खोक्यात जाई आणि जी लोळत राही ती बाजूला पडे.

"लांब काय, कुणीही जातं," त्या शेजारणीला म्हणायच्या. "परत यायला अक्कल लागते. आमच्या ह्यांना सांगा कुणीतरी."

शेजारीण पदर तोंडाला लावून हसायची. मी मात्र ते मनावर घेतलं. ताणलं तर ताणायचं आणि सोडलं की परत यायचं, एवढंच माझं शिक्षण.

औषधांच्या दुकानातून मला सरांनी आणलं. सर कराटे शिकवायचे. त्यांचा क्लास टायरच्या दुकानावरच्या लांबट खोलीत भरायचा. जिन्यातच रबराचा वास यायचा आणि आत गेलं की त्यात पावलांचा वास मिसळायचा. निळ्या मॅट, भिंतीला एक आरसा, कोपऱ्यात पत्र्याची प्रथमोपचाराची पेटी. त्या पेटीत मी कात्री आणि कापसाच्या मध्ये राहायला लागले.

सरांची एक पद्धत होती. शिकवणी सुरू होण्याआधी सगळ्या मुलांना भिंतीशी बसवून पाय पुढे करायला लावायचे आणि स्वतः रांगेतून वाकून बघत जायचे. त्यांचे गुडघे वाजायचे, ते पेटीतूनसुद्धा ऐकू यायचं.

"मुठी सगळे दाखवतात," ते म्हणायचे. "पाय दाखवा. उभे कशावर राहणार आहात?"

मग एकेकाची हजेरी. "ही नखं आहेत की घुबडाचे पंजे? सरळ काप. कोपरे खोल कापलेस तर मांसात घुसतील आणि मग मला तुझी गाणी ऐकावी लागतील." "बोटांच्या बेचक्यात पाणी का राहिलंय? मासे पाळायचेत का? टिपून कोरडं कर." "टाचा फुटल्यात, रात्री तेल लावून झोप." चप्पल न घालता बाथरूमला जाऊन तसाच मॅटवर येणाऱ्याला ते सरळ परत पाठवायचे. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, एक दिवस हा, एक दिवस तो, असा त्यांचा नियम होता. घोटा मजबूत व्हायला यासारखं औषध नाही, असं त्यांचं म्हणणं.

इतकी स्वच्छता सांगणारे सर एका बाबतीत मात्र उलटे होते. कमरेचा पट्टा धुवायचा नाही. कपडे रोज धुवा, पण पट्टा नाही. "त्यात तुमचा घाम आहे, मेहनत आहे, ती पाण्यात सोडायची नसते." त्यांच्या गुरूंनी त्यांना हे सांगितलं होतं आणि त्यांनी कधी विचारलं नव्हतं की का. त्यांचा स्वतःचा काळा पट्टा कडांनी विरून राखाडी झाला होता आणि जन्मात त्याला पाणी लागलं नव्हतं. मुलांना त्या मळकेपणाचं भारी कौतुक. ज्याचा पट्टा जास्त मळका तो जास्त शूर.

त्या क्लासात एक मुलगी होती. तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका पायावर गर्रकन फिरून दुसऱ्या पायानं जी लाथ मारायची ती समोरच्याला दिसायचीच नाही, नुसती लागायची. अंगानं किडमिडीत, केस कापलेले, आणि दिवसभर चुळबुळ. तिच्या आईची खालच्या गल्लीत लाँड्री होती. घरात दोघीच.

एका संध्याकाळी भिंगरी फिरली आणि तिची टाच मॅटला चिकटून राहिली. शरीर फिरलं, पाऊल राहिलं. पाऊल आत वळलं आणि घोटा बाहेरच्या अंगानं लचकला. ती खाली बसली, रडली नाही. सरांनी तिचा पाय खुर्चीवर उंच ठेवला, बर्फ फडक्यात गुंडाळून लावला आणि मग मला पेटीतून बाहेर काढलं. माझं पहिलं काम.

बोटांच्या मुळापासून सुरुवात केली, तळव्याखालून वर, घोट्याच्या मागून पुढे, आठाच्या आकड्यासारखी. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढलेला.

"सर, अजून घट्ट."

"तू काय वळकटी आहेस? गप बस."

बांधून झाल्यावर त्यांनी तिच्या अंगठ्याचं नख दाबलं. ते पांढरं झालं आणि सोडल्यावर लगेच गुलाबी. "रक्त येतंय, जातंय. म्हणजे पट्टी बरोबर आहे. झोपताना सोडायची. रोज धुवायची. आणि ऐक, ही फक्त 'सांभाळ' म्हणून आठवण द्यायला आहे. धरून ठेवायचं काम तुझ्या पायाचं. सूज उतरली की एका पायावर उभं राहायला लागायचं, परत पहिल्यापासून."

"हो सर."

भिंगरीच्या पायावरून मी तिच्या घरी गेले आणि तिथे सुखात राहिले, मित्रांनो. भिंगरीची आई मला रात्री कोमट पाण्यात, साबणाच्या फेसात बुडवायची. पिळायची नाही. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायची आणि टेबलावर आडवी पसरून सावलीत वाळवायची. दोरीवर टांगलं तर मी माझ्याच वजनानं लोंबते, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. धुतल्यावर माझ्या चुण्या पुन्हा उभ्या राहायच्या, अडकलेला पीळ जागा व्हायचा. दिवसभर ताणून थकलेली मी सकाळी पुन्हा नवी. माणसाला झोपेनं जे होतं ते मला धुण्यानं होतं.

घोटा बरा होत आला. पूर्ण झाला नव्हता, होत आला होता. सर म्हणाले, ही स्पर्धा राहू दे. भिंगरी म्हणाली, पट्टी बांधून खेळते. हट्ट केला, दोन दिवस जेवताना आईशी बोलली नाही, शेवटी सर हो म्हणाले. आणि ती जिंकली. अंतिम फेरीत तिनं अशी लाथ मारली की हॉलमध्ये क्षणभर कुणी टाळ्याच वाजवल्या नाहीत.

त्या दिवशी माझं जे कौतुक झालं ते आजवर कुठल्या पट्टीचं झालं नसेल. मैत्रिणी मला हात लावून बघत होत्या. त्यांच्यातली एक, जिला सगळ्यातलं सगळं कळायचं, ती म्हणाली, "ए, ही आता धुऊ नको हं. जिंकलेली आहे."

"पट्टा धुतो का आपण?" दुसरी म्हणाली.

"नाही ना. मग?"

एवढंच बोलणं. एखाद्या गोष्टीचं वाटोळं करायला फार माणसं लागत नाहीत.

घरी आल्यावर आईनं नेहमीसारखी बादली भरली. भिंगरीनं मला छातीशी धरलं.

"ही धुवायची नाही."

"का गं? सोन्याची झाली?"

"त्यात विजय आहे."

"त्यात वास आहे," आई म्हणाली. "आण इकडे."

"आई, तू हात लावलास ना, तर मी जेवणार नाही."

आईनं बादली तशीच ठेवली. "सगळ्या गल्लीचे कपडे धुते मी," ती भिंतीला सांगावं तशी म्हणाली, "आणि घरात एक पट्टी धुवायची चोरी." तिला वाटलं, पोरीचं खूळ आहे, आठवड्यात उतरेल.

खूळ उतरलं नाही. पुढच्या स्पर्धेतही भिंगरी जिंकली आणि त्यापुढचीही. खरं तर ती तिच्या पायांनी जिंकत होती, पण श्रेय मला मिळत होतं. तिनं मला रेशमी रुमालात गुंडाळून ठेवायला सुरुवात केली. सामन्याआधी कपाळाला लावायची. मला बोलता आलं असतं तर सांगितलं असतं, बाई गं, कपाळाला नको, पाण्याला लाव.

घाम वाळला की मीठ उरतं. ते माझ्या चुण्यांमध्ये साचत गेलं. मी कडक झाले आणि मग, विचित्र वाटेल, पण कडक होता होताच सैल झाले. ताणलं की ताणायची, पण परत यायचं विसरत चालले. गिरणीतल्या बाईंनी मला बघितलं असतं तर उचलून बाजूला टाकलं असतं. भिंगरी मला आणखी ओढून बांधायची. मी आणखी लांब व्हायची.

तिच्या बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडून सोलायला लागली. खाज यायची, ती पाय मॅटवर घासायची. आणि घोटा जिन्यात लचकायचा, गटाराच्या कडेला लचकायचा, काही नाही तर सपाट फरशीवर लचकायचा. दर वेळी थोडासाच. ती दात आवळायची, मला एक वेढा घट्ट करायची आणि चालायला लागायची. एका पायावर उभं राहून दात घासणं कधीच बंद झालं होतं. पट्टी आहे ना, मग पायानं कशाला कष्ट करायचे? मी तिच्या पायाच्या सगळ्यात जवळ होते. पुढे पुढे तर रात्रीसुद्धा ती मला सोडत नसे. घोट्याच्या बाहेरच्या अंगाची ती नाजूक दोरी, जिला डॉक्टर लिगामेंट म्हणतात, ती माझ्यासारखीच लांबत चालली होती, हे फक्त मला कळत होतं. आम्ही दोघी एकमेकींच्या भरवशावर होतो, आणि दोघींमध्येही जीव उरला नव्हता.

मग मोठ्या संघाची निवड आली. तिथे निवड झाली की राहायची सोय, चांगला सराव, बाहेरच्या देशांतले सामने. भिंगरीनं त्याचाच ध्यास घेतला होता. लाँड्रीत इस्त्री करतानासुद्धा तिचे पाय काउंटरखाली फिरत असायचे.

निवडीच्या आदल्या संध्याकाळी सरांनी सगळ्यांचे पाय बघितले. भिंगरीशी आल्यावर थांबले.

"पट्टी काढ."

"सर, आज नको."

"का? दुखतंय?"

"छे. छान आहे पाय."

"छान आहे तर बांधली कशाला?"

"सवय."

"काढ बघू. सूज बघू दे."

भिंगरीनं पाय पोटाशी ओढून घेतला. "सर, जिंकलेली आहे. आदल्या दिवशी सोडायची नाही. तुम्ही तुमचा पट्टा धुता का?"

सगळी मुलं सरांकडे बघायला लागली. सरांचा हात आपसूक कमरेकडे गेला. त्या विरलेल्या पट्ट्याची गाठ त्यांनी चाचपली. मग ते पुढच्या मुलाकडे वळले आणि म्हणाले, "नखं काप." त्याची नखं कापलेली होती.

दुसऱ्या दिवशीचा हॉल मोठा होता, दिवे फार प्रखर होते. आई लाँड्री बंद करून आली होती आणि अगदी मागच्या बाकावर पर्स मांडीवर धरून बसली होती. भिंगरीनं पहिला सामना जिंकला. दुसऱ्यात ती पुढे होती. मग तिनं ती गिरकी घेतली.

टाच फिरली नाही. पाऊल आत वळायला लागलं आणि सगळा भार माझ्यावर आला. मी ताणले गेले, आणखी ताणले गेले, आणि परत येण्यासाठी माझ्यात काहीच नव्हतं. ओल्या फडक्यासारखी मी घसरत गेले. एक आवाज झाला, वाळकी काटकी मोडावी तसा. तो हॉलमध्ये कुणाला ऐकू आला नसेल. मला आला.

ती उठायला गेली. पुन्हा उठायला गेली. "मी खेळू शकते," ती पंचांना म्हणाली. "बघा ना, मी उभी आहे." ती उभी नव्हती. सरांनी तिला मागून धरलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी हातमोजे घातले आणि मला उलगडायला सुरुवात केली. शेवटच्या वेढ्याबरोबर तिच्या पायाची थोडी कातडीही आली. त्यांनी मला लांब धरलं.

"ही कधी धुतली होती?"

भिंगरीनं भिंतीकडे तोंड वळवलं.

"घरी कपडे कोण धुतं?"

"आमची लाँड्री आहे," आई म्हणाली, आणि तिनं मान खाली घातली.

डॉक्टर माणूस चांगला होता. त्यानं पुढे काही विचारलं नाही. त्यानं सांगितलं ते एवढंच, की हे आज फाटलेलं नाही. हे कितीतरी दिवस थोडं थोडं फाटत होतं. दर वेळी आराम मिळाला असता तर भरून आलं असतं. आता सांध्यातल्या गादीलाही खड्डा पडलाय. ऑपरेशन करू. चालता येईल नीट.

"आणि खेळायला?" भिंगरीनं विचारलं.

"चालता येईल," डॉक्टर पुन्हा म्हणाले.

आईनं मला पिशवीत घालून घरी नेलं. लेकीला दवाखान्यात ठेवलेलं आणि ही बाई घरी येऊन कोमट पाण्याची बादली भरते आहे, हे बघणाऱ्याला वेडेपणाचं वाटलं असतं. तिनं मला बुडवलं. पाणी चहासारखं झालं. ते ओतून दुसरं घेतलं, मग तिसरं. ती मला चोळत नव्हती, फक्त दाबत होती, पुन्हा पुन्हा दाबत होती, आणि तिच्या नाकाच्या शेंड्यावरून थेंब पडत होते ते त्याच पाण्यात जात होते.

मी सुकले तेव्हा माझ्या चुण्या उभ्या राहिल्या होत्या. सगळ्या नाही, पण बऱ्याच. पीळ जागा झाला होता. मी परत आले होते. मित्रांनो, कुठल्याही पट्टीला इतकं वाईट कधी वाटलं नसेल.

पायाला प्लॅस्टर घालून भिंगरी घरी आली तेव्हा मी टेबलावर पसरलेली होते. तिनं मला बघितलं.

"आता कशाला धुतलीस?"

"धुवायची राहिली होती," आई म्हणाली.

त्यानंतर दोघी बराच वेळ आपापल्या कामाला लागल्यासारखं करत राहिल्या. एकीला तर काही कामही नव्हतं.

काही दिवसांनी दुपारी सर लाँड्रीत आले. त्यांनी काउंटरवर एक कागदी पुडी ठेवली आणि उलगडली. आत त्यांचा पट्टा होता. काउंटरमागे खुर्चीवर भिंगरी प्लॅस्टरचा पाय स्टुलावर ठेवून बसली होती. तिनं मान वळवली.

"ताई, हा धुऊन हवा होता," सर म्हणाले.

आईनं पट्टा उचलला. कडा बघितल्या, शिवण बघितली. "फार विरलाय, सर. पाण्यात टिकेल न टिकेल."

"नाही टिकला तर नाही टिकला."

"घाई आहे?"

"उशीरच झालाय," सर म्हणाले. मग भिंगरीकडे बघून म्हणाले, "पोरी, त्या दिवशी मी तुला पट्टी काढायला लावायला हवी होती. तू मला गप्प केलंस आणि मी झालो. चूक लहान माणसाची नव्हती."

भिंगरीनं नंबराची चिठ्ठी फाडली आणि पट्ट्याला पिनेनं लावून दिली. सर गेल्यावर तिनं स्टुलावरचा पाय तसाच ठेवून तोंड इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगात खुपसलं, आणि आईनं ते कपडे नंतर पुन्हा धुतले.

पट्टा पाण्यात टिकला नाही. मधोमध सुटला. सरांनी तो तसाच, दोन तुकड्यांत, नेला. हल्ली त्यांच्या क्लासात पट्टे धुतले जातात आणि दर शनिवारी सगळ्यांच्या पट्ट्या सोडून घोटे बघितले जातात, असं गिऱ्हाइकांकडून कळतं. त्यांनी भिंगरीला लहान मुलांना शिकवायला बोलावलं होतं. ती एकदा गेली. मॅटच्या कडेला चपला काढून उभी राहिली, आत पाऊल टाकलं नाही, आणि परत आली. पुन्हा बोलावलं तर जाईल की नाही, मला सांगता येत नाही. तिची आई म्हणते, विचारू नका तिला एवढ्यात.

तिला आता कुणी भिंगरी म्हणत नाही. कुणी ठरवलं नव्हतं, आपोआपच थांबलं.

पाय चालतो. डॉक्टर म्हणाले होते तसा, नीट. पण दिवसभर काउंटरशी उभं राहिलं की संध्याकाळी घोटा जड होतो आणि घरी जाताना गल्लीतला जिना उतरायची भीती वाटते. तेव्हा खण उघडतो. ती मला बोटांच्या मुळापासून बांधते, आठाच्या आकड्यात, घट्ट नाही. अंगठ्याचं नख दाबून बघते. मग कठडा धरून एक एक पायरी उतरते. बांधून जिंकवायचे दिवस गेले, आता मी तिला फक्त खाली पोचवते. आणि रात्री कुणी न सांगता ती मला स्वतः धुते.

मित्रांनो, तुम्ही कराटे शिकत असाल, कुस्ती खेळत असाल, नाचत असाल, नुसते पळत असाल, तुमच्या पायांकडे रोज एकदा बघा. बेचक्या कोरड्या करा, नखं सरळ कापा, एका पायावर उभं राहायचा कंटाळा करू नका. घोटा लचकला तर मोठ्या माणसाला सांगा, आणि त्यानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा. दुखणं लपवणं म्हणजे शौर्य नव्हे. ते आतल्या आत मोठं होत राहतं. आणि जी वस्तू तुमच्या कामी आली तिला पुजायच्या नादात तिची रोजची साधी सेवा चुकवू नका. मला हार नको होता. मला कोमट पाणी हवं होतं.

खण उघडतोय. संध्याकाळ झाली वाटतं. मला जिन्यावर जायचंय.